माहेरच्या नावाचे पेपर

अन्याय झाला तो तोंडाच्या कर्करोगावर उभी हयात काम केलेल्या एका संशोधक बाईंवर. झाला गेल्या वर्षी, पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी, या शहरातल्या एका संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, निवड समितीपुढं, चहा यायच्या जरा आधी.

पत्रकं लिहिणाऱ्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. कुणावर, कधी, कुठं. मग बाकीचं. विशेषणं घालायची नाहीत, रडायचं नाही, आणि शेवटी वाचणाऱ्याकडं काहीतरी मागायचं. काहीच न मागता संपते ती नुसती कुरकुर. मी कॉलेजात असल्यापासून तंबाखूविरोधी पत्रकं लिहितेय, त्यामुळं आठवण लिहायला बसले तरी हात त्याच वळणानं जातो. वर दिलेल्या वेळेबद्दल मात्र पुढं बोलावं लागणार आहे. ती बरोबर नाही, असं त्या बाईंचंच म्हणणं पडलं.

त्यांचं नाव मी देणार नाही. ही त्यांची अट आहे, आणि ती अट का आहे तेच सांगायचंय.

मी कन्नड तालुक्याकडची. शिकायला म्हणून इथं आले, शिक्षण संपलं, राहिलेच. पैठणगेटच्या मागं एक खोली आहे, खिडकी उघडली की शेजारच्या घराची भिंत दिसते. आमची संघटना म्हणजे मूठभर पोरंपोरी, त्यातली निम्मी परीक्षा आली की गायब. दिवस शाळांत, बसस्टँडवर, पानटपऱ्यांपुढं जातो. टपरीवाले आधी शिव्या देतात, मग चहा देतात. संध्याकाळी खोलीवर आलं की दिवसभर बोलून बसलेला घसा असतो आणि बोलायला कुणी नसतं. तक्रार नाही ही. एकटं राहणाऱ्याला दुसरं एकटं माणूस लगेच ओळखू येतं, एवढ्यासाठी लिहिलं.

मॅडमची ओळख मिश्रीच्या पत्रकावरून झाली. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू. आमच्याकडं बाया सकाळी दात घासायच्या निमित्तानं ती हिरड्यांना लावतात आणि मग दिवसभर लावतच राहतात. मी लिहिलं होतं की मिश्री लावली की कर्करोग होतोच. एका डॉक्टरनं सांगितलं, छापायच्या आधी त्या मॅडमना दाखव, मिश्रीवाल्या बायांची तोंडं त्यांच्याएवढी इथं कुणी पाहिली नाहीत. मी गेले. त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, पेन्सिल घेतली आणि माझ्या वाक्यांच्या शेजारी समासात एकच शब्द लिहीत गेल्या. "कशावरून?" वाचून झालं तेव्हा माझ्या तीनच ओळी शिल्लक होत्या, त्यातली एक आमच्या संघटनेचा पत्ता.

मी चिडले. म्हटलं, पण लोक घाबरले पाहिजेत ना.

"घाबरलेली बाई तपासायला येत नाही," त्या म्हणाल्या. "ती तोंडाला पदर लावून घरात बसते. तुला ती घरात हवी का माझ्यासमोर?"

तेव्हापासून माझं प्रत्येक पत्रक आधी त्यांच्या पेन्सिलीखालून जायला लागलं. पुढं मी त्यांच्याबरोबर पाचोडला जायला लागले. बाजाराच्या दिवशी तिथं एका शाळेची खोली मिळायची. बाया भाजी विकून, तिखटमीठ घेऊन यायच्या, पिशव्या दारात ठेवायच्या आणि आत येऊन आ करायच्या. मॅडम बॅटरी धरून गालाच्या आत बघायच्या. पांढरा चट्टा दिसला की त्याचा इवलासा तुकडा काढून शहरात न्यायचा, आठ-पंधरा दिवसांनी निकाल सांगायला परत यायचं. माझं काम नावं लिहिण्याचं. पहिल्याच दिवशी पहिल्याच आजीनं मला विचारलं, "कोन्तं सांगू बाई, हिकडचं का तिकडचं?"

ती सासरचं का माहेरचं विचारतेय हे मला कळेना. मॅडम तोंडातून नजर न काढता म्हणाल्या, दोन्ही लिही.

"तिकडचं तर इसरले बगा," आजी म्हणाली. "लई सालं झाली."

रांगेतली दुसरी म्हातारी म्हणाली, मला ठावं हाय तिचं, आमी एका गावच्या. तिनं नाव सांगितलं. ते ऐकून आजी अशी लाजली की जणू तिचं कुणी लहानपणीचं गुपित फोडलं. सगळी खोली हसली.

दोन नावं लिहायची पद्धत मॅडमनी स्वतः पाडलेली होती, आणि तिच्यामागं हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या तरुणपणी, पहिल्या पाहणीत, एका बाईचा निकाल वाईट आला. तिला शोधायला माणूस गेला. कागदावर माहेरचं नाव होतं, कारण ती तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली होती आणि आईबरोबर तपासायला आली होती. सासरच्या गावात त्या नावाची बाईच कुणाला माहीत नव्हती. माणूस परत आला. मॅडम स्वतः गेल्या तोवर गाठ जबड्यात उतरली होती. अशा बायांना संशोधनाच्या पेपरात हरवलेल्या म्हणतात, त्यांनी मला एसटीत सांगितलं. आणि खिडकीबाहेर बघत पुढं म्हणाल्या, हरवली कुठं, चुलीपुढं बसली होती.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही जे पुढं झालं ते बघायला मी आंधळी होते, कारण मलाही ते नेहमीचंच वाटत आलेलं.

मॅडम सिडकोत राहतात, दुसऱ्या मजल्यावर. नवऱ्यापासून वेगळ्या झाल्याला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्या घराशी संबंध संपला, त्या घरचं नाव राहिलं. पगार त्या नावावर, बँक त्या नावावर, दारावरची पाटी त्या नावाची. मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडं जेवायला जायला लागले. दोघीजणी फार बोलायचो असं नाही. त्या वाचायच्या, मी पत्रकं दुमडायची. कुकरची शिट्टी झाली की दोघीही एकदम उठायचो.

संस्थेत प्राध्यापकाची जागा निघाली तेव्हा त्यांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. पगारासाठी त्यांना ती नको होती. संस्थेचा नवा नियम असा की प्राध्यापकालाच पीएचडीचे विद्यार्थी घेता येतील. विद्यार्थी नाही म्हणजे मागं काम चालवायला कुणी नाही. त्या गेल्या की पाचोडची खोली बंद. गालातले चट्टे वाढत राहतील आणि बघायला कुणी जाणार नाही. एवढंच पणाला लागलं होतं, आणि ते थोडं नव्हतं.

अर्जाला एक तक्ता जोडायचा होता. उमेदवाराचे पेपर किती, त्यांची सायटेशनं किती, त्यावरून निघणारा निर्देशांक किती. सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकानं आपल्या पेपरात तुमच्या पेपराचा हवाला देणं. जितके हवाले तितकी तुमची पत. ही मोजणी परदेशातली एक वेबसाइट करते आणि संस्था तिथून आकडे जसेच्या तसे उचलते. मॅडमना असल्या गोष्टींचा कंटाळा, म्हणून मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले. त्या आत वरणाला फोडणी देत होत्या.

त्यांच्या नावासमोर पेपर दिसले, बरेच दिसले, पण सुरुवातीची सगळी वर्षं कोरी. मला नवल वाटलं. मी वेबसाइटवरच मिश्री, मराठवाडा, बाया असं शोधलं. सगळ्यात वर एक जुना पेपर आला. त्याचे हवाले सगळीकडून होते. सुदानपासून ओडिशापर्यंत, जिथं जिथं बाया तंबाखू तोंडात धरतात तिथल्या माणसांनी तो आधाराला घेतलेला. लेखकांत पहिलं नाव एका बाईचं होतं. मी तिचं नाव मोठ्यानं वाचलं, तिचं, वडलांचं, आडनाव, तिन्ही.

आतून मॅडमनी "ओ" दिली.

मग गॅस बंद केल्याचा आवाज आला. त्या हातात पळी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"तू हाक मारलीस?"

मी म्हटलं, नाही, पेपर वाचत होते, ही बाई कोण, हिला ओळखता का तुम्ही.

त्यांनी पळी टेबलावर ठेवली, तिथं हळदीचा डाग पडला तिकडं लक्ष दिलं नाही, आणि वाकून पडद्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीच की ती."

ज्यांनी मराठी लग्न पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको, पण वेबसाइटवाल्यांना सांगावं लागलं म्हणून इथंही सांगते. लग्न लागून नवरी सासरी आली की लक्ष्मीपूजन होतं. ताटात तांदूळ पसरतात. नवरा सोन्याच्या अंगठीनं त्या तांदळात एक नाव लिहितो. ते बायकोचं नवं नाव. मग पेढे वाटतात. आडनाव बदलतं, वडलांच्या जागी नवरा येतो, ते तर कागदावर होतं. आईबापांनी ठेवलेलं पहिलं नाव असं ताटात जातं. मॅडमचं नवं नाव सासूबाईंनी सुचवलेलं होतं, मुलाच्या नावाशी जुळणारं. मॅडम तेव्हा नुकत्याच डॉक्टरेट झालेल्या.

"पेपर त्याच महिन्यात छापून आला," त्या म्हणाल्या. "पोस्टानं माहेरी आला, भावानं आणून दिला. सासरी कुणाला दाखवणार? ते विचारणार, ही कोण."

वरण थंड झालं. आम्ही तसंच खाल्लं. जेवताना मी विचारलं, त्या नावानं तुम्हाला कोण हाक मारतं. आई मारायची, त्या म्हणाल्या. भाऊ अक्का म्हणतो. संस्थेत मॅडम, पाचोडला डॉक्टरीणबाई. आई गेली तेव्हापासून ते नाव त्यांनी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि आज माझ्या तोंडून ऐकलं ते चुकून.

मी भांडायला शिकलेली मुलगी आहे. मी दुसऱ्याच दिवशी वेबसाइटकडं विनंती पाठवली, या दोन बाया एकच आहेत, त्यांचे पेपर एकत्र करा. उत्तर आलं की पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव तिन्ही वेगळी असल्यामुळं या दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात. तिकडच्या बायका आडनाव बदलतात, तेवढं त्यांच्या यंत्राला शिकवलेलं होतं. तिन्ही बदललेलं माणूस त्याच्या हिशोबात बसेना. त्यांनी जुन्या संस्थेचा ईमेल मागितला. त्या काळी कुणाकडं ईमेल होता? मग पेपरातल्या सहलेखकाचं पत्र मागितलं. सहलेखक एकच, मॅडमचे गाईड, ते केव्हाच वारलेले. शेवटी मी इंग्रजीत एक लांबलचक पत्र लिहिलं, तांदूळ, ताट, अंगठी, पेढे, सगळं. उत्तर आलं, माहितीबद्दल आभार, आपली विनंती रांगेत आहे.

आमच्या शहराचंही नाव बदललं. पाट्या बदलल्या, तिकिटं बदलली, संस्थेचं लेटरहेड बदललं. त्याच वेबसाइटवर जुन्या नावाच्या शहरातले पेपर आणि नव्या नावाच्या शहरातले पेपर एका जागी दिसतात. कुणीतरी बसून जोडलेत. शहराला विचारलं नाही की तू तेच कशावरून.

संस्थेतही गेले. मॅडमच्या सेवापुस्तकात पहिल्याच पानावर दोन्ही नावं आहेत, हे खुद्द तिथल्या बाबूनं मला दाखवलं. आणि त्यानंच सांगितलं, ताई, खरं आहे तुमचं, पण तक्ता आपोआप येतो, त्यात हात घालायची मुभा आम्हाला नाही, ठरलेल्या तारखेला जे दिसेल तेच छापायचं. तारीख गेली. विनंती रांगेतच.

मुलाखतीचा सोमवार नेमका पाण्याचा दिवस निघाला. या शहरात पाणी रोज येत नाही, येतं त्या दिवशी घरात माणूस लागतं. एकटी राहणारी बाई पाण्याच्या दिवशी कुठं जाऊ शकत नाही, मग ती मुलाखत असो नाहीतर मयत. म्हणून पाणी भरायला मी थांबले आणि त्या गेल्या. निघताना फिकी निळी साडी, हातात फाइल. फाइलमध्ये त्यांनी तो जुना पेपर ठेवला होता, छापील, कडा पिवळ्या पडलेला. मी म्हटलं, हा दाखवाच. बघू, म्हणाल्या.

दुपारी परत आल्या तेव्हा मी शेवटचा ड्रम भरत होते. त्या तशाच साडीत मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या आणि नळाच्या आवाजात सांगायला लागल्या. मला नळ बंद करता येईना, पाणी जायची वेळ झालेली. त्यामुळं ते सगळं मी पाण्याच्या धारेखालून ऐकलंय.

समिती सभ्य होती. बाहेरून आलेल्या एका सदस्यानं तक्ता पाहिला आणि आपुलकीनं सांगितलं की तुमचं काम चांगलं आहे, पण पाया कच्चा वाटतो, सुरुवातीची वर्षं रिकामी आहेत. याच भागात एका बाईंनी फार मोलाचं काम करून ठेवलंय. त्यानं नाव घेतलं. त्यांचा पेपर तुम्ही वाचलाय का, त्याच्यावर तुम्ही पुढं बांधायला हवं होतं.

"वाचलाय," मॅडम म्हणाल्या. "लिहिलाही मीच आहे."

समिती हसली. त्यांना वाटलं बाईंनी विनोद केला. मॅडमनी पुन्हा सांगितलं, फाइल उघडली, पेपर पुढं केला. त्यावर वेगळ्याच बाईचं नाव होतं. मॅडमनी लग्नाचं सांगितलं, सेवापुस्तकाचं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, मॅडम, असेलही, पण आमच्यापुढं जे आहे त्यावरच आम्हाला जावं लागतं. तेवढ्यात चहा आला. सगळ्यांना दिला, मॅडमनाही दिला, आणि बोलणं चहावर गेलं.

जागा एका तरुण गृहस्थाला मिळाली. माणूस वाईट नाही, मॅडम आजही त्याच्याबद्दल वाकडं बोलत नाहीत. त्याचं काम उंदरांच्या पेशींवरचं आहे आणि त्याच्या पेपरात मॅडमच्या त्या जुन्या पेपराचा हवाला आहे. तो पाचोडला जाणार नाही. त्याला तिथं जायचं कारणच नाही.

नळाचं पाणी गेलं. घरात एकदम शांत झालं. मॅडम म्हणाल्या, पिंप झाकून ठेव, पाल पडते. आणि आत जाऊन झोपल्या, दिवसाढवळ्या.

मी खोलीवर आले आणि पत्रक लिहिलं. वर आहेत त्या दोन ओळी त्याच पत्रकातल्या, फक्त 'गेल्या वर्षी' आता घातलं. आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात चांगलं पत्रक. ते घेऊन मॅडमकडं गेले. त्यांनी पूर्ण वाचलं, पेन्सिल उचललीच नाही. मग विचारलं, यात नाव कोणतं छापणार आहेस.

मी म्हटलं, तुमचं.

"कोणतं?"

मी दोन्ही लावून बघितली. हे इकडचं छापलं तर तो पेपर तिचा नाही. तिकडचं छापलं तर ती बाई इथं कुणाला माहीत नाही. दोन्ही छापा म्हटलं तर त्या म्हणाल्या, ते म्हणतील दोन नावांची बाई, काहीतरी लफडं असणार. त्या हे हसून म्हणाल्या, पण नको म्हणजे नको. कोणतंच टाकू नकोस, म्हणाल्या. मी हट्टानं नाव गाळून पत्रक आमच्या छापखान्यात नेलं. तिथले चाचा अक्षरं जुळवायच्या काळापासून या धंद्यात आहेत. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि मला परत दिलं.

"बेटा, बिना नाम का परचा कायको छापते? लोगां पूछेंगे, जुलूम हुआ किसपे?"

ते म्हणत होते ते खरं होतं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नावच नाही, तर समितीला वाईट वाटायचं तरी कुणासाठी. पत्रक छापलं नाही. ते माझ्या पिशवीत बरेच दिवस होतं, पावसात भिजलं, मग वाळलं.

दिवाळीत मी कन्नडला गेले. घरी माझ्या लग्नाचं चाललं होतं. वैजापूरकडचं स्थळ, मुलगा इथंच कंपनीत, मला बरा वाटला होता, आम्ही दोनदा गुलमंडीला चहाही घेतला होता. फराळाच्या ताटावर बसलेलो असताना त्याच्या मावशीचा फोन आला. आईनं सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. मावशी म्हणत होत्या की पोरीला नाव कोणतं ठेवायचं त्याचा इचार चाललाय, पोराच्या नावाला जुळंल असं, तुमच्याकडून काही सुचतंय का. आई हौसेनं सांगायला लागली.

मी म्हणाले, नाव आहे मला.

फोनवर मावशी हसल्या, म्हणाल्या, पोरगी लई तिखट दिसती. आईनं विषय बदलला आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, एवढंसं नाव ते, त्यावरून घर मोडतीस का. मी तिला म्हटलं, तुझं पहिलं नाव काय होतं. तिनं करंजीचा तुकडा ताटात ठेवला आणि उठून गेली. मला ते माहीत नाही. मी कधी विचारलेलं नव्हतं, आणि तिनं त्या दिवशीही सांगितलं नाही.

वैजापूरचे फोन हळूहळू यायचे थांबले. मुलानं एकदा मेसेज केला, घरचे म्हणतात त्यात एवढं काय आहे. मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पाठवलं नाही. तो शनिवार होता. मी खोलीची खिडकी लावून घेतली आणि दिवसभर बाहेर पडले नाही.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. तुझं आत्ताचं नाव कुणी ठेवलं? म्हटलं, आत्यानं, बारशाला. मग, त्या म्हणाल्या, बदलायच्या आधी आत्याला तरी विचारायला पाहिजे त्या लोकांनी, तिचा मान आहे. त्यावर आम्ही दोघी खूप हसलो.

थंडीत वेबसाइटचं उत्तर आलं. रांग संपली होती. दोन्ही नोंदी एक केल्या आहेत, मुख्य नाव म्हणून सध्याचं ठेवलं आहे, बदलायचं असल्यास इथं दाबा. मी लॅपटॉप घेऊन धावत गेले. सगळे पेपर एका पानावर, कोरी वर्षं भरलेली, हवाल्यांचा आलेख असा चढलेला की समितीनं खुर्चीवरून उठावं. जागा भरून चार महिने झाले होते.

मॅडमनी विचारलं, मुख्य नाव जुनं करता येतं का. येतं, म्हटलं, पण मग संस्थेतलं कुणी शोधेल त्याला तुम्ही सापडणार नाही. त्यांनी माऊस माझ्या हातातून घेतला आणि स्वतः दाबलं. लगेच एक आपोआप आलेला ईमेल उमटला. प्रिय, आणि पुढं त्यांचं माहेरचं नाव. आपली नोंद अद्ययावत झाली आहे. कुठल्या तरी यंत्रानं पाठवलेल्या त्या ओळी त्यांनी दोनदा वाचल्या, ओठ हलवत. मग लॅपटॉप मिटला आणि विचारलं, जेवलीस का.

त्या अजून पाचोडला जातात. सुट्टी टाकून, एकट्या, एसटीनं, कधी मी बरोबर असते. निवृत्तीनंतरही झेपेल तोवर जाईन म्हणतात. गुडघे दुखतात, शाळेच्या पायऱ्या चढताना कठड्याला धरतात. त्यांच्यानंतर जाणारं कुणी नाही. मला पत्रक लिहिता येतं, गालातला चट्टा ओळखता येत नाही.

हे लिहून झाल्यावर मी त्यांना दाखवलं. नाव नाही म्हणून त्यांनी हरकत घेतली नाही. पेन्सिल मात्र या वेळी उचलली आणि पहिल्या परिच्छेदातल्या सोमवारासमोर लिहिलं, "कशावरून?"

मी म्हटलं, त्याच दिवशी झालं ना.

"त्या दिवशी मला कळलं," त्या म्हणाल्या. "झालं लग्नाच्या संध्याकाळी. ताट पुढं होतं आणि मी हसत होते. फोटो आहे."

त्या फोटो दाखवायला उठल्या नाहीत. मी मागितलाही नाही. पण वेळ दुरुस्त करते: लग्नाची संध्याकाळ, दिवे लागायच्या सुमारास, सगळ्या नातेवाइकांसमोर, पेढे वाटायच्या जरा आधी. तिथं समिती नव्हती. तुमच्या-माझ्यासारखी माणसं होती आणि ती टाळ्या वाजवत होती.

म्हणून मागायचं ते तुमच्याकडं मागते. या लग्नसराईत तुमच्या घरात, भावाच्या, मुलाच्या, पुतण्याच्या लग्नात ते ताट येईल. कुणीतरी अंगठी काढेल, कुणीतरी मोबाइल वर धरेल, नवरी खाली बघून हसत असेल. तेव्हा उठा. ताट उचला. तिला तिच्या आत्यानं ठेवलेल्या नावानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारा. आणि ते तांदूळ आत नेऊन शिजायला टाका.